तारेची चाकं आणि तांबडी माती

भिंगारच्या माणसाला रणगाड्याचं नवल नाही. जवळच १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे, आणि प्लॅस्टिकचे भाग जोडून घरी रणगाडा करायचा म्हटलं तर शर्मन, सेंचुरियन, पॅटन, हवं ते किट मिळतं. मला मात्र त्या संग्रहालयातल्या रोल्स-रॉइस चिलखती गाडीनं ओढून घेतलं. वडील लष्करी वर्कशॉपात फिटर होते. पोलादाच्या पत्र्याखाली सिल्व्हर घोस्ट या मोटारीची चासी आहे, हे त्यांनीच मला वाकून दाखवलं. तेव्हापासून रणगाड्यांपेक्षा जुन्या मोटारीच मनात बसल्या, आणि मी शर्यतीच्या जुन्या गाड्यांची किटं शोधतो आहे. पंचवीस वर्षं झाली.

१. किट का मिळत नाही, ते आधी समजून घ्या.
रणगाडावाल्यांचं एक माप ठरलेलं आहे, १/३५. जपानच्या तामियानं मोटरवर चालणारा पँथर काढला, तेव्हा पोटात बॅटऱ्या मावाव्यात म्हणून हे माप आलं. पुढे इतरांनीही तेच उचललं. गाड्यांमध्ये १/१२, १/२४, १/३२, १/४३ अशा चार चुली. गिऱ्हाईक आधीच थोडं, तेही विखुरलेलं. त्यात पोलादी साचा फार महाग. रणगाड्याच्या एकाच साच्यावर डिकल, म्हणजे चिकटवायची चिन्हं, बदलून चार देशांची सैन्यं विकता येतात. शर्यतीच्या जुन्या गाडीला तशी सोय नसते.

२. साचा बाहेर आला की किट घेऊन ठेवा.
फियाट ८०६ ही गाडी १९२७ मध्ये मोन्झाला एकच शर्यत धावली. पिएत्रो बोर्दिनोनं ती जिंकली, आणि शर्यतींतून अंग काढून घेताना फियाटनं गाडीच मोडीत काढली. इटालेरीच्या १/१२ किटमध्ये तिचं बारा सिलिंडरचं इंजिन आजही हातात घेता येतं. पण कंपनी एक खेप काढते आणि साचा पुन्हा कपाटात जातो. एका दिवाळीला मी 'पुढच्या पगाराला घेऊ' म्हणालो. दुकानातला तो डबा गेला, आणि दुसरा हाती लागायला मला नऊ वर्षं वाट पाहावी लागली. त्या नऊ वर्षांची हळहळ अजून गेलेली नाही.

३. जुना डबा उघडताना पहिल्यांदा टायर पाहा.
मऊ टायरमधलं रसायन हळूहळू पाझरतं आणि त्याला टेकलेलं प्लॅस्टिक विरघळवतं. टायर वेगळ्या पिशवीत ठेवा. चाकावर चढवण्याआधी धावेवर रंगाचा थर द्या.

४. तारेची चाकं स्वतः करा.
खऱ्या चाकातली चार मिलिमीटरची तार १/२४ मापात मिलिमीटरचा सहावा भाग भरते. प्लॅस्टिक इतकं बारीक ओतलं जात नाही, म्हणून किटमधल्या तारा काड्यांसारख्या जाड दिसतात. आमच्या लेथवाल्या काकांनी मला पितळेची भोकं पाडलेली चकती करून दिली. तिच्यावर धाव बसवायची आणि मासे धरायचा नायलॉनचा दोरा ओवत जायचं. एका चाकाला दोन संध्याकाळी लागतात. दोरा सैल राहिला तर उकला, घाई करू नका.

५. आपल्या मातीत धावलेली गाडी विसरू नका.
१९०८ च्या मुंबई-कोल्हापूर मोटार चाचणीत, घाट चढत-उतरत सुमारे ६२० मैल धावून, एका सिल्व्हर घोस्टनं बाजी मारली. तिचं नाव 'पर्ल ऑफ द ईस्ट'. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी घेतली. हिचं किट मला कुठेच सापडलं नाही. शेवटी एअरफिक्सचं १९११ च्या रोल्स-रॉइसचं जुनं १/३२ किट घेतलं, वरची बॉडी प्लॅस्टिकच्या पातळ शीटमधून नव्यानं कापली. वर्ष गेलं. धुळीसाठी अंगणातली काळपट माती चाळून ठेवली होती, ती पाहून कोल्हापूरची आतेबहीण म्हणाली, "दादा, घाटातली माती अशी नसते रे. तांबडी असते." पुढच्या खेपेला तिनं औषधाच्या बाटलीतून माती आणली. मलमलीतून तीनदा चाळली, आणि मागच्या मडगार्डवर कोरड्या ब्रशानं ती हलकेच बसवतो आहे. पुढची दोन चाकं अजून बाकी आहेत.