कारची बॅटरी किती वर्षे टिकते?

प्रश्न : कारची बॅटरी तीन वर्षांतच बसली. गाडी बहुतेक गावातच फिरते. बॅटरी खराब होती का? – एक वाचक, शिरूर अनंतपाळ

उत्तर : तसे म्हणता येणार नाही. शिसे-आम्लाची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे चालते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो; बॉनेटखाली त्याहून जास्त तापते. उष्णतेने आतल्या जाळ्या गंजतात, पाणी उडते.

दुसरे कारण म्हणजे छोट्या फेऱ्या. स्टार्टरने खेचलेला करंट भरून निघण्याआधीच इंजिन बंद होते. अर्धवट चार्ज राहिलेल्या प्लेटांवर सल्फेटचे थर घट्ट बसतात. म्हणून आठवड्यातून एकदा लातूर किंवा निलंग्यापर्यंत सलग गाडी चालवा.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर व्होल्टेज मोजा : १२.६ म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ च्या खाली गेल्यास चार्ज करा. इंजिन चालू असताना साधारण १३.८ ते १४.५ हवे, नसल्यास आधी अल्टरनेटर तपासा. झाकणाची बॅटरी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. नवी घेताना उत्पादनाची तारीख पाहा, जुनी दुकानदाराला परत द्या.