पाईनची माती बदलताना

रोपवाटिकेतील माती ही बहुधा रोप गिऱ्हाइकाच्या घरी सुखरूप पोहोचावे या सोयीने निवडलेली असते, ही गोष्ट बोन्सायच्या नव्याने नादी लागलेल्या माणसाने प्रथम ध्यानात घ्यावी. डोंगराळ मुलुखातून मुंबईस येणाऱ्या पाईनच्या मुळांभोवती जी चिकण लाल माती थापलेली असते, ती वाटेत फुटत नाही, पाण्याची थोडी हयगय झाली तरी ओल धरून ठेवते, आणि विक्रेत्याच्या दृष्टीने तिच्यात खोट काढण्याजोगे काही नसते. परंतु तेच रोप दादर-गिरगावातील एखाद्या गॅलरीत उथळ कुंडीत जाऊन बसले, की तिचे हे सारे गुण अक्षरशः त्याच्या मुळावर येतात.

तत्पूर्वी रोप पाईनचेच आहे काय, याची शहानिशा करावी. ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून विकला जाणारा अरौकेरिया हा पाईन नव्हे, आणि सुरूही नव्हे. सुरूची हिरवी काडी हलकेच ओढली की सांध्यात तुटते. पाईनच्या सुया मात्र जुडग्याने येतात व प्रत्येक जुडग्याच्या बुडाशी कागदी वेष्टन असते. हिमालयातील चिडाच्या जुडग्यात 3 सुया, जपानी काळ्या पाईनच्या जुडग्यात 2. आपल्या दमट हवेत हौस करायचीच तर या दोहोंपैकी एक निवडावा. थंड प्रदेशातील इतर जातींच्या वाटेस जाऊ नये.

गिरगावातील माझ्या एका स्नेह्यांनी रोपवाटिकेतून आणलेला चीड मोठ्या उमेदीने भरड मिश्रणात लावला, परंतु मुळांचा मूळ गोळा जसाच्या तसा आत ठेवला. मे महिन्यात दोन वेळ पाणी घालूनही सुयांची टोके वाळू लागली, तेव्हा त्यांनी मला पाचारण केले. कुंडी उपडी करून सुरीने गोळा कापला, तो बाहेरची नवी माती ओलसर आणि आतला गोळा कोरडा ठणठणीत. पाणी भरड कणांतून सुलभ वाटेने भोकाबाहेर निघून जात होते. वाळून घट्ट झालेल्या चिकणमातीत शिरण्याचे त्यास कारणच उरले नव्हते. लालबागेत अशाच एका झाडाची जुलैत याच्या नेमकी उलट अवस्था पाहिली: ज्या एका महिन्यात मुंबईत सरासरी 700 मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो, त्या महिन्यात आतला गोळा चिखल होऊन बसला होता, आणि काळे पडलेले मूळ चिमटीत धरून ओढताच त्याची साल हाती आली व मागे नुसता दोरा उरला.

तिसरी कैफियत परळच्या एका शिक्षकांची. गोळ्याचा धोका त्यांच्या कानी होता. म्हणून त्यांनी सगळी मुळे नळाखाली धरून स्वच्छ धुतली, आणि मातीबरोबर मुळांवरील पांढरी तंतुमय बुरशीही धुतली गेली. ही बुरशी रोग नसून पाईनची सोबतीण आहे. जमिनीतील पाणी व क्षार ती मुळांस पुरवते. झाड कित्येक आठवडे हिरवेगार दिसत होते, कारण पाईनच्या सुया मुळे निकामी झाल्यावरही लगेच रंग सोडीत नाहीत. सुया तांबूस झाल्या, तेव्हा इलाजाची मुदत टळून गेली होती.

या तिन्ही प्रकरणांवरून जो दस्तूर मी पाळू लागलो, तो असा. माती बदलण्यास जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारीचा आरंभ हा काळ योग्य. राणीच्या बागेत पालिकेचे पुष्पप्रदर्शन भरते त्या सुमाराचा. म्हणजे नव्या मुळांस उन्हाळ्यापूर्वी पाय रोवण्यास अवधी मिळतो. गोळ्याची एक बाजू निवडून तेवढ्या अर्ध्या भागातील माती बांबूच्या काडीने, खोडापासून बाहेरच्या दिशेने, सावकाश मोकळी करावी. दुसऱ्या अर्ध्यास बिलकूल हात लावू नये. नवी मुळे जोमाने फुटल्याची खात्री पटल्यावर, वर्षा-दोन वर्षांनी, उरलेल्या बाजूची पाळी.

मिश्रणासाठी विटांचा चुरा, भरड वाळू, थोडे कोळशाचे तुकडे व मूठभर पानांचे कुजके खत पुरते. कण 3 ते 6 मिलिमीटरांचे असावेत आणि चाळणीखाली पडलेली पूड निर्दयपणे टाकून द्यावी, कारण तीच पुढे निचरा तुंबवते. आपल्याकडे चाळी पाडल्या जात असल्याने जुन्या विटा मुबलक मिळतात, परंतु त्यांना चिकटलेला चुना पाईनला मानवत नाही. तो खरवडून काढावा. खाडीची रेती खारट असते, ती टाळावी. कुंडीच्या तळाशी खडीचा थर देण्याची चाल सर्वत्र आहे, पण तिचा उपयोग नाही: भिजलेला स्पंज आडवा धरला असता ठिबकणे थांबते आणि तोच उभा केला की पुन्हा पाणी गळू लागते, तद्वत मातीची उंची जितकी कमी, तितकी तळची ओल प्रमाणाने अधिक. खडीचा थर ती उंची आणखी घटवतो.

झाड तारेने कुंडीस घट्ट बांधावे, कारण वाऱ्याने हलणाऱ्या झाडाची कोवळी मुळे तुटतात. मग भोकातून स्वच्छ पाणी येईपर्यंत झारीने पाणी द्यावे, दोन-तीन आठवडे दुपारच्या उन्हापासून आडोसा करावा, महिनाभर खत देऊ नये, आणि त्याच हंगामात फांद्यांची मोठी छाटणी किंवा तारेने वळण देण्याचा मोह कटाक्षाने आवरावा.

सारांश, पाईनची माती पुरती बदलण्यास दोन ते तीन वर्षे लागतात. एवढा धीर ज्याच्यापाशी नसेल, त्याने आपल्या जुन्या चाळींच्या भिंतींतून आपण होऊन उगवणारा वड किंवा पिंपळ कुंडीत लावावा. मुंबईची हवा त्यांना मानवते आणि ते बरीच हेळसांड खपवून घेतात.