मालवणी परसात मासे आणि भाजीचा जोडवाफा

कोकणातील घराच्या मागील दारी न्हाणीचे पाणी सहसा वाया जात नाही. ते लहानशा पाटाने अळूकडे जाते, अळूकडून केळीकडे आणि उरलेले माडाच्या आळ्यात मुरते. एकाच पाण्याचा दोनदा उपयोग करून घेण्याची ही रीत मालवण किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. ॲक्वापोनिक्स, म्हणजेच मत्स्य-भाजी सहसंवर्धन, ही पद्धती याच रीतीला एक पाऊल पुढे नेते. येथे माशांच्या कुंडातील पाणी भाजीच्या वाफ्यात जाते आणि तेथे शुद्ध होऊन पुन्हा कुंडात परतते. बाष्पीभवनाने व पानांवाटे उडून जाणारे पाणी तेवढे अधूनमधून भरावे लागते.

मासे आणि पीक एकत्र घेण्याची कल्पना मुळात नवी नाही. गोव्याच्या खाजण जमिनींत भाताबरोबर मासळी व कोळंबी पूर्वापार मिळत आली आहे. मातीविना, टाक्यांतून हे साधण्याचे पद्धतशीर प्रयोग मात्र १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेत व कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटांवर झाले. पाण्याची टंचाई असलेल्या त्या बेटांवर या पद्धतीला विशेष महत्त्व आले, हे सिंधुदुर्गाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. कारण सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळ गाठतात. जांभ्याच्या सच्छिद्र कातळातून पाणी निचरून जाते आणि किनाऱ्यालगतच्या कित्येक विहिरींचे पाणी याच सुमारास मचूळ होऊ लागते. परसातील भाजी तेव्हा सर्वांत आधी वाळते आणि बाजारात घाटावरून येणाऱ्या भाजीवर विसंबावे लागते.

सुरमई-बांगड्यावर वाढलेल्या मालवणी माणसाने पिंपात मासे कशासाठी पाळावेत, असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो, आणि तो रास्त आहे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांतही पिंपातले दोन किलो मासे कुटुंबाची मासळीची गरज भागवू शकणार नाहीत. घरगुती जोडवाफ्याचे खरे उत्पन्न भाजी हेच होय. मासे हे त्या भाजीचे खत तयार करणारे सोबती. मोठ्या नफ्याची आशा दाखवून महागडे संच विकले जातात, त्यापासून सामान्य कुटुंबाने दूर राहावे.

या पद्धतीचा प्राण मात्र माशांत नाही आणि भाजीतही नाही. तो डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंमध्ये आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून पाण्यात अमोनिया मिसळतो. तो साचला तर मासे मरतात. नायट्रोसोमोनास जातीचे जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, तेही माशांना घातकच. नंतर नायट्रोस्पिरा आदी जीवाणू त्याचे नायट्रेट बनवतात आणि ते वनस्पती आनंदाने शोषून घेतात. हे जीवाणू खडीच्या पृष्ठभागावर वस्ती करतात आणि ती वस्ती पूर्ण होण्यास चार ते सहा आठवडे लागतात. नवशिक्याचे मासे पहिल्या पंधरवड्यात मरतात, त्याचे कारण बहुधा हेच असते: जीवाणूंच्या आधी मासे आणले जातात. म्हणून प्रथम चार-सहा गप्पी मासे सोडून महिनाभर वाट पाहावी. एखाद्याच्या चालू वाफ्यातील ओंजळभर खडी मिळाल्यास ती विरजणासारखी कामी येते.

पिंपांची निवड व उभारणी

बाजारात मिळणारी २०० लिटरची जुनी निळी प्लास्टिकची पिंपे या कामास उत्तम. पूर्वी त्यांत खाद्यपदार्थ साठवले होते, एवढी खात्री असावी. कीटकनाशकाचे, रसायनाचे वा होडीच्या डिझेलचे पिंप कितीही धुतले तरी घेऊ नये. तांब्याची भांडी व जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे यांचा पाण्याशी संबंध येऊ देऊ नये. हे दोन्ही धातू माशांना विषारी ठरतात.

एक पिंप उभे ठेवून वरचा भाग कापावा व त्यात १४० लिटर पाणी भरावे. दुसरे पिंप उभे चिरले की दोन पन्हळी मिळतात. त्या मिळून सुमारे एक चौरस मीटरचा वाफा होतो. खडीने भरलेली एकेक पन्हळ दीडशे किलोच्या पुढे जाते. त्यामुळे लाकडी माच्याऐवजी जांभ्याच्या चिऱ्यांचा भक्कम कट्टा बांधावा. जागा माडाखालची नसावी. वरून झाप किंवा नारळ पडला तर सारा खेळ आटोपला!

खडी बोटाच्या पेरापेक्षा लहान, कठीण व धुतलेली असावी. किनाऱ्यावरची वाळू वापरू नये, तीत मीठ आणि शिंपल्यांचा चुरा असतो. खडीवर व्हिनेगर टाकून फेस आला तर तीत चुना आहे असे समजावे व ती टाळावी. वीस वॅटचा लहान पाणबुडा पंप पाणी पन्हळींवर छिद्रांच्या नळीने शिंपडतो आणि खडीच्या दोन-तृतीयांश उंचीवर बसवलेल्या नळीतून ते पुन्हा पिंपात पडते. पन्हळीच्या तळाशी एक बूच अवश्य असावे. त्याचे प्रयोजन पुढे येईल. पंप अहोरात्र चालला तरी महिन्याला सुमारे १५ युनिट वीज लागते.

मासे, खाद्य आणि शिंपल्यांची पिशवी

शोभेसाठी कोई कार्प आणि खाण्यासाठी देशी मागूर ही दोन नावे प्रथम विचारात घ्यावीत. थाई मागूर या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मागुरावर केंद्र शासनाने २००० साली बंदी घातली आहे. तो व्हाळात निसटला तर स्थानिक मासे फस्त करतो. चिलापी माशासही परवान्याची अट आहे. मत्स्यबीज व सल्ला यांसाठी कोकण कृषी विद्यापीठाचे मुळदे येथील केंद्र आणि रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालय ही जवळची ठिकाणे होत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत परसातील लहान पुनर्चक्री मत्स्यसंवर्धनाचा समावेश करण्यात आला. तीत सर्वसाधारण लाभार्थींना ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के साहाय्याची तरतूद करण्यात आली. अर्ज करण्यापूर्वी मत्स्यव्यवसाय कार्यालयात चालू नियम विचारून घ्यावेत.

वाढलेल्या माशांचे एकूण वजन दोन किलोच्या वर जाऊ देऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शिकेनुसार पालेभाजीच्या एक चौरस मीटर वाफ्यास रोज ४० ते ५० ग्रॅम मत्स्यखाद्य पुरते, आणि दोन किलो मासे साधारण तेवढेच खातात. लाल माठ, पालक, पुदिना, अळू यांची वीस-पंचवीस रोपे त्यावर पोसली जातात. भेंडी व मिरची यांची भूक जास्त असते, ती पहिल्या वर्षी लावू नयेत. खाद्य म्हणून शेंगदाण्याची पेंड व भाताचा कोंडा समभाग चालतो. सुकट कुटून घालण्याचा मोह मात्र आवरावा, त्यातील मीठ पाण्यात साचत जाते.

जांभ्यातील विहिरींचे पाणी मऊ व किंचित आम्ल असते. जीवाणूंच्या कार्याने ते अधिक आम्ल होत जाते आणि सामू सहाच्या खाली गेला की जीवाणूंचे काम जवळजवळ थांबते. यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे. तिसऱ्यांची रिकामी, स्वच्छ धुतलेली शिंपले जाळीच्या पिशवीत घालून पिंपात टांगावीत. आम्ल वाढेल तसतशी ती हळूहळू विरघळतात. सामू सातच्या वर गेला की पिशवी काढून घेता येते. खडीत मिसळलेला चुना असा काढता येत नाही, म्हणूनच तो आरंभी वर्ज्य केला. पाने पिवळी पडून शिरा हिरव्या राहिल्या तर लोहाची उणीव समजावी. जांभा लोहयुक्त असला तरी त्यातील लोह मुळांना सहज मिळत नाही. किडीवर तंबाखूचा अर्क फवारू नये. तो माशांना मारतो.

वीज गेली तर

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा खांब कोसळून अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी दाटीने ठेवलेले मासे काही तासांत गुदमरतात. देशी मागूर हवेतूनही श्वास घेतो, म्हणून या किनाऱ्यावर तोच अधिक भरवशाचा. इतर मासे असल्यास बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ ठेवावा. तोही नसेल तर तांब्याने पाणी उंचावरून पुन्हा पुन्हा ओतत राहावे आणि खाद्य पूर्णपणे बंद करावे. खंड काही तासांपेक्षा लांबला तर पन्हळींची बुचे काढून पाणी पिंपात सोडावे आणि खडी दिवसातून तीन-चार वेळा पिंपातल्याच पाण्याने ओली करावी. साचलेल्या पाण्यात प्राणवायू संपून जीवाणू मरतात, ओलसर खडीत ते तग धरतात. वीज परत आल्यावर पहिला दिवस माशांना उपाशीच ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापासून नेहमीच्या निम्मे खाद्य द्यावे.