आधी दवाखाना, मग फी

माझं माहेर मिरजेचं. त्या गावात नर्स म्हटलं की लोकांना मिशन हॉस्पिटल आठवतं. त्यामुळे इंग्लंडला येऊन मी प्राण्यांची नर्स झाले, हे शेजारणींना सांगताना आईने 'प्राण्यांची' हा शब्द वर्षभर गिळला. 'लेक नर्स आहे तिकडे', एवढंच. आता तिची हरकत नाही. मागच्या उन्हाळ्यात भाचीने फोन करून विचारलं, "मावशी, यातला सगळ्यात मोठा कोर्स कोणता गं?" आणि मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला, "तिला काय विचारतेस, तिने तो अर्धवट सोडलाय!"

सोडलाय हे खरं आहे. कसा सोडला ते भाचीला फोनवर सगळं सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहिते.

ब्रिटनमध्ये प्राण्यांच्या नर्सचं रीतसर शिक्षण १९६१ साली सुरू झालं. 'नर्स' हे नाव तेव्हा माणसांच्या नर्सेससाठी राखीव होतं, म्हणून आमच्या आधीच्या बायकांना १९८४ पर्यंत 'ॲनिमल नर्सिंग ऑक्झिलरी' म्हणवून घ्यावं लागलं. आज पदविका किंवा पदवी घ्यायची, शिकता शिकता दवाखान्यात किमान १,८०० तास काम करायचं, परीक्षा द्यायची, मग रॉयल कॉलेज ऑफ व्हेटर्नरी सर्जन्सच्या नोंदवहीत नाव लागतं. त्यानंतरही दर वर्षी १५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. एवढं सगळं करूनही १९६६ च्या मूळ कायद्यात 'व्हेटर्नरी नर्स' या पदनामाला संरक्षण नाही. आपल्याकडे तर १९८४ चा भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा नोंद ठेवतो ती डॉक्टरांची. नर्स असा वर्गच त्यात नाही.

मी रॉयल कॉलेजच्या नोंदवहीत आले तेव्हा चाळिशीला टेकले होते. मुलगा शाळेत रुळला होता. आणि मला भूल देण्याच्या कामाचं वेड लागलं होतं. शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा डॉक्टरांचे डोळे पोटात असतात, माझे कुत्र्याच्या पापणीवर. पापणीला बोट लावलं की ती हलते का, जबडा किती सैल आहे, श्वासातून बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडची रेघ पडद्यावर कशी उमटते, रक्तदाब उतरायला लागलाय का. तासभर कोणी आपल्याशी बोलत नाही आणि आपल्यालाही बोलायचं नसतं. मला वाटलं, यातच पुढे जावं.

अमेरिकेत नाव्टा या संघटनेची मान्यता असलेल्या विशेषज्ञ अकादमी आहेत. भूलशास्त्राची आहे, अतिदक्षता विभागाची आहे, दातांचीही आहे. तिथली 'व्हेटर्नरी टेक्निशियन स्पेशालिस्ट' ही उपाधी ब्रिटनमधल्या नर्सही मिळवतात. मात्र आधी कागद, मग परीक्षा. एका कॅलेंडर वर्षात स्वतः सांभाळलेल्या किमान ५० केसची नोंद, त्यांतल्या चारांचे सविस्तर वृत्तांत, कौशल्यांची सहीनिशी यादी, शिफारसपत्रं. हे सगळं पसंत पडलं तरच परीक्षेला बसू देतात. मी ते वाचलं आणि मनात म्हटलं, पन्नासच ना? आमच्याकडे आठवड्याला पंधरा-वीस भुली होतात.

इथेच घोडं पेंड खायला लागलं, पण मला ते दिसलं नाही.

आमच्या मुख्य डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठून सांगितलं. त्या म्हणाल्या, "वा, छान!" त्या दोन शब्दांना मी परवानगी समजले, अभ्यासाची रजा समजले आणि पुढची पगारवाढही समजले. मार्चमध्ये एक नर्स सोडून गेली, तेव्हा माझे अभ्यासाचे शुक्रवार तिच्या पाळीत गेले. तक्रार कुठे करणार? कागदावर काहीच नव्हतं. बाई खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना खरंच छान वाटलं होतं.

दुसरी गोष्ट याहून मोठी. आमचा दवाखाना गल्लीतला, ज्याला इथे फर्स्ट ओपिनियन म्हणतात तसा. येणारी जनावरं बहुतेक तरुण आणि ठणठणीत: मांजरांची नसबंदी, कुत्र्यांचे दात, कधी एखादी गाठ. भुलीचा धोका १ ते ५ अशा श्रेणीत मोजतात. आमच्या केस पहिल्या-दुसऱ्या श्रेणीपलीकडे क्वचित जात. हृदय बिघडलेला म्हातारा कुत्रा, पोट पिळलेला ग्रेट डेन, मूत्रमार्ग तुंबून पोटॅशियम चढलेला बोका आला की त्याला मोठ्या रेफरल हॉस्पिटलात पाठवायचं. म्हणजे ज्या केसनी माझी वही भरायला हवी होती, त्या मीच फोन करून दुसरीकडे रवाना करत होते. एका जातीच्या ५० केस या ५० नसतात. ती एकच केस असते, ५० वेळा लिहिलेली.

तिसरी चूक निव्वळ आळसाची. वही मी रोज लिहिली नाही. ऑक्टोबरात बसले आणि जुने भुलीचे तक्ते काढले. नाडी होती, श्वास होता, कार्बन डायऑक्साइडच्या रकान्यात भोकं होती. कित्येक तक्त्यांवर निम्म्या वेळेला दुसऱ्या नर्सची आद्याक्षरं, कारण आम्ही एकमेकींना जेवायला सोडायचो. रक्तदाब उतरला तेव्हा मी काय सुचवलं, डॉक्टरांनी काय ठरवलं, सलाइन किती वाढवलं, त्याने फरक किती मिनिटांनी पडला, हे कुठेच नव्हतं. मला आठवत होतं, असं मला वाटत होतं. आठवणीतून लिहिलेली केस वाचणाऱ्याला लगेच कळते; तिच्यात सगळं सुरळीत होतं.

मग जागरणं सुरू झाली. सहाला पाळी संपायची, साडेनऊला मी टेबलाशी बसायची, एक कधी वाजायचा कळायचं नाही. फराळाचं पार्सल त्या वर्षी तुळशीच्या लग्नापर्यंत उघडलं नाही.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी चार किलोच्या मांजरीसाठी मी मेथाडोन काढत होते. किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे १.२ मिलिग्रॅम. औषधाच्या एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे सिरिंजमध्ये यायला हवं होतं ०.१२ मिलिलिटर. मी काढलं १.२. मिलिग्रॅमचा आकडा मिलिलिटर म्हणून वाचला, दहापट डोस. अशा औषधाची नोंद ठेवावी लागते आणि आमच्याकडे तिच्यावर दोघींच्या सह्या लागतात. सहीला आलेली पोरगी अजून शिकाऊ होती. तिने हिशेब तपासला नाही, आधी माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "मांजराला एवढी मोठी सिरिंज?"

एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये १.२ मावत नाही. मी झोपेत चालल्यासारखी दोनची उचलली होती.

मांजर घरी गेली, तिच्या मालकिणीला काहीच कळलं नाही. मी मात्र घटनेचा अर्ज भरला आणि स्वतःच्या नावानिशी दिला. ज्या भुलीत तज्ज्ञ म्हणवून घ्यायला मी जागत होते, तीच देताना मी धोकादायक झाले होते. अकादमीचा अर्ज तरीही पाठवला, कारण पैसे भरले होते. पैसे भरले म्हणून पुढे जाणं हा आपला राष्ट्रीय गुण असावा. उत्तर नम्र होतं: केसमध्ये विविधता नाही, नोंदी अपुऱ्या, पुन्हा प्रयत्न करावा. एक शब्दही चुकीचा नव्हता.

मी पुन्हा प्रयत्न केला नाही. वर्षभर थांबले आणि मग रॉयल कॉलेजची मान्यता असलेलं प्रगत नर्सिंगचं प्रमाणपत्र निवडलं. ते ६० क्रेडिटचं. एका क्रेडिटला दहा तास धरतात, म्हणजे ६०० तास. दोन वर्षांत वाटले तर आठवड्याला सहा. हे गणित मी या वेळी आधी केलं. ते प्रमाणपत्र गल्लीतल्या दवाखान्यात राहूनही होतं, म्हणून मला झालं. मोठं की छोटं, हा प्रश्नच मी चुकीचा विचारला होता.

तेव्हा भाचीबाई, आणि हे वाचणाऱ्या तुझ्यासारख्या इतर मुलींनो, फी भरायच्या आधी महिनाभर नुसती वही ठेवा. आपल्या दवाखान्यात या महिन्यात जे आलं, ते त्या कोर्सला चालणारं होतं का ते बघा. नसेल तर आधी नोकरी बदला किंवा आठवड्याचे दोन दिवस रेफरलला मिळवा, मग कोर्स. रजा, फीचा वाटा आणि पास झाल्यावरचा पगार हे तिन्ही लेखी घ्या. 'वा, छान' म्हणणाऱ्या माणसाला त्याच दिवशी आभाराची ईमेल करून त्यात हे तिन्ही घाला, म्हणजे त्याला हो किंवा नाही म्हणावं लागेल. केस त्याच दिवशी लिहा, घरी जाण्याआधी, जनावराच्या मालकाचं नाव वगळून. आपण काय केलं आणि कशामुळे केलं, तेवढं लिहिलं तरी पुरे. सुंदर भाषा नको. आपल्याआधी तो कोर्स केलेली एक बाई शोधा आणि तिला पहिलाच वृत्तांत दाखवा, शेवटचा नाही.

आणि प्रमाणपत्राने हक्क वाढतील अशा भ्रमात राहू नका. इथल्या कायद्यानुसार नर्सला डॉक्टरांच्या सांगण्यावरून औषधोपचार आणि छोटी शस्त्रक्रिया करता येते, शरीराच्या पोकळीत शिरायचं नाही. नावापुढे कितीही अक्षरं लागली तरी ती रेघ हलत नाही. माझा पगार वाढला तो थोडासा, आणि तोही मी मागितला म्हणून. फरक पडला तो कामात. आता म्हाताऱ्या कुत्र्याची भूल ठरवताना डॉक्टरीणबाई जिन्यात मला गाठतात.

ती शिकाऊ पोरगी पुढे नोंदवहीत आली. आमच्याकडे मांजरांच्या भूलपूर्व औषधांच्या ट्रेमध्ये आता एक मिलिलिटरपेक्षा मोठी सिरिंज ठेवत नाहीत.