चाकांवरची करवत

आमच्या रो-हाऊसच्या पोर्चमध्ये आठवडाभर स्कूटर उभी असते आणि रविवारी तिथेच माझं सुतारकाम चालतं. जागाच एवढी, म्हटल्यावर टेबल सॉ चाकांवर बसवणं आलंच. 18 एमएम प्लायची पेटी केली, वर मशीन, खाली ब्रेकवाली चार फिरती चाकं. दिसायला झकास झाली.

एकदा प्लायची लांब पट्टी कापत होतो. ब्रेक चारही लावलेले. तरी जोर लागताच गाडी बोटभर बाजूला झुलली, पट्टी तिरकी झाली, ब्लेडच्या मागच्या दातांनी ती उचलली आणि माझ्या कमरेजवळून जाऊन फाटकावर आदळली. पत्र्याला पोचा आला. दहा इंची ब्लेड मिनिटाला 4800 फेरे घेत असेल, तर त्याचे दात ताशी 230 किलोमीटरच्या वेगाने धावत असतात. बाजूला सरकायला वेळ मिळेल, ही आशाच नको. ब्लेडच्या रेषेत उभा नव्हतो, म्हणून निभावलं.

दोष त्या ब्रेकच्या जातीत असतो. साधा ब्रेक चाकाचं गडगडणं थांबवतो. चाक स्वतःभोवती वळतं ते वळतंच. दोन्ही एकदम अडकवणारी चाकं मिळतात, महाग असतात. शिवाय पोर्च धुवायचा, म्हणून फरशीला उतार काढलेला. तिथे चार चाकं सारखी टेकणार कशी?

आता माझ्या गाडीला दोनच चाकं आहेत, न वळणारी, एकाच बाजूला आणि जमिनीपासून दोन-तीन मिलिमीटर वर. दुसऱ्या बाजूचा दांडा धरून हातगाडीसारखी उचलली की चाकं टेकतात, खाली ठेवली की सगळा भार चार पायांवर. पायांत रबरी बुडाचे आट्यांचे बोल्ट आहेत. उताराप्रमाणे कमी-जास्त करायचे.

सुटसुटीतपणाच्या नादात पेटी अरुंद आणि उंच मात्र करू नका. 18 एमएमची आठ बाय चारची अख्खी शीट तीस किलोच्या पुढे भरते. तिचं टोक मागे लोंबकळलं की गाडी कलंडू शकते. मागे बिजागरीची फळी हवीच, टेबलापेक्षा मिलिमीटरभर खाली, म्हणजे लाकूड अडखळत नाही. पण खरं सांगायचं तर अख्खी शीट या मशीनवर चढवूच नये. जमिनीवर थर्माकोल पसरून हातातल्या सर्क्युलर सॉने आधी मोठे तुकडे करावेत, नाहीतर प्लायवाल्याकडूनच कापून आणावेत. त्यात कसला कमीपणा?

वायरचं थोडक्यात: सोळा अँपिअरचा प्लग आणि अडीच एमएमची वायर. टीव्हीची एक्स्टेन्शन तापते.

ब्लेडमागची पोलादी पट्टी, रायव्हिंग नाइफ, कापलेली फट मिटू देत नाही. ‘मध्ये येते’ म्हणून हौशी लोक ती काढून ठेवतात. तुमची फडताळात पडली असेल, तर आजच जागेवर बसवा. हातमोजे घालून मशीनवर उभे राहू नका. मोजा दातात अडकला तर सोबत हात जातो. आणि काम काढण्याआधी, प्लग लावायच्या आत, गाडीला कमरेने एक दणका द्या. हलली, तर त्या रविवारी मशीन लावू नका.