साखरेचा आजार कुणाचा?

(बी. ए. भाग २)

माणूस काय खातो यावरून त्याला पुढे कोणता रोग जडेल हे थोडेफार सांगता येते, हा विचार आपल्याला पाश्चात्त्यांनी शिकवलेला नाही. चरकसंहितेत प्रमेहाची कारणे सांगताना दही, दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांची नावे घेतलेली आहेत, आणि त्यांच्या जोडीला बसून राहण्याचे व झोपेचे सुख सांगितलेले आहे. कोल्हापूरकराने ही यादी वाचली तर तो क्षणभर दचकेल. दूध, ऊस आणि गूळ यांवरच तर आपला जिल्हा उभा आहे! राजर्षी शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून गुळाच्या व्यापाराला पेठ दिली, राधानगरीच्या धरणाची कल्पना मांडली, पुढे पाण्याखालचे रान वाढत गेले आणि जोंधळ्याच्या जागी ऊस आला.

परंतु त्या यादीतला रोगी सुखवस्तू आहे. त्याला बसायला गादी आहे. आपल्याकडेही मधुमेह म्हणजे श्रीमंतांचा आजार अशी समजूत पक्की होऊन बसली. शेठजींना साखर होते, मजुराला होत नाही, असे आमच्या गावात आजही म्हणतात. खरे पाहता सुश्रुताने कृश रोगीही पाहिले होते आणि त्यांचा आजार जन्मतःच येतो असे नोंदवले होते. पण ती गोष्ट लोकांच्या बोलण्यात उतरली नाही.

आजचे आकडे काय सांगतात? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. रक्तदाब असलेल्यांची संख्या साडेएकतीस कोटी. शहरात मधुमेहाचे प्रमाण खेड्यापेक्षा जास्त आहे हे खरे; पण उंबरठ्यावर उभे असलेल्यांचे प्रमाण शहरात आणि खेड्यात जवळजवळ सारखेच आढळले. म्हणजे खेड्याची पाळी यायची आहे, इतकेच.

माझे वडील या आकड्यांपैकी एक आहेत. हंगामात ते गुऱ्हाळावर चुलवाणाला जाळ घालायचे काम करतात. दिवसभर चिपाड ओढायचे आणि काहिलीखालचा विस्तव सांभाळायचा. अंगावर मांस नाही, हाताच्या काड्या, पोट मात्र जरासे पुढे आलेले. दोन वर्षांपूर्वी पायाची जखम भरेना म्हणून रक्त तपासले तेव्हा साखर सापडली. वडील डॉक्टरांना म्हणाले, "आपल्याला कसला साखरेचा रोग? आपण काय शेठ हाय व्हय?" डॉक्टर हसले आणि त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. वडिलांच्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. मी कला शाखेची विद्यार्थिनी, विज्ञान दहावीपुरतेच शिकलेले. तरी त्या प्रश्नासाठी मी महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बसले. जे हाती लागले ते मित्रमैत्रिणींपुढे ठेवत आहे. चूक आढळल्यास प्राध्यापकांनी जरूर दुरुस्त करावी.

प्रथम साखरेचा प्रवास पाहू. भात, भाकरी, चपाती, गूळ, काहीही खाल्ले तरी त्यातील पिष्ट आणि साखर यांचे शेवटी ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. स्वादुपिंडातून इन्शुलिन सुटते. ते जणू कुलूप उघडते आणि ग्लुकोज पेशींत जाते. सर्वांत जास्त ग्लुकोज मावते ते स्नायूंत. स्नायू म्हणजे आपल्या घरातली कणगी समजा. कणगी लहान असेल तर सुगीचे धान्य दारातच पडून राहणार. दुसरी अडचण पोटातल्या चरबीची. यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी इन्शुलिनच्या कामात आडकाठी आणते. मग स्वादुपिंडाला जास्त राबावे लागते, आणि वर्षानुवर्षे राबून ते थकते. तेव्हा वजनकाटा काय दाखवतो याहून त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हा प्रश्न मोठा आहे.

याचा एक गमतीदार पुरावा २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचेच छायाचित्र दिले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला दोघेही सडपातळ. भारतीय माणसाच्या कमरेचा घेर पुरुषाला ९० आणि स्त्रीला ८० सेंटिमीटरच्या आत असावा असे तज्ज्ञ सांगतात. ही मर्यादा युरोपीय माणसापेक्षा कमी ठेवली आहे, तिचे कारण हेच.

पण अंगात ही चरबी येते कुठून? याचे उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत शोधले गेले. डॉ. याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर स्त्रियांचा आहार, वजन आणि कष्ट यांची नोंद ठेवली. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनचे डॉ. डेव्हिड बार्कर यांनी मांडलेला विचार त्यामागे होता : गर्भात उपासमार झाली की त्याची खूण शरीर आयुष्यभर बाळगते. या खेड्यांतल्या स्त्रियांचे गरोदरपणापूर्वीचे सरासरी वजन सुमारे ४२ किलो होते. त्यांची बाळे सरासरी २.७ किलोची, तर साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आश्चर्य पुढेच आहे. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. आईच्या पोटात अन्न कमी पडले तेव्हा शरीराने मेंदू सांभाळला, चरबी राखली आणि स्नायूंत काटकसर केली. असा जीव पुढे कमी खाऊन, खूप राबून जगला तर निभावून जातो. त्याच्या पुढ्यात साखर, मैदा आणि तेल येऊन पडले, की कणगी अपुरी पडते.

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे दुष्काळ पडला होता. त्या वेळी गर्भात असलेली मुले पन्नाशीला आली तेव्हा तपासली गेली, आणि ग्लुकोज हाताळण्याची त्यांची शक्ती इतरांहून कमी आढळली. हे वाचताना मला आमच्या घरातले एक साल आठवले. वडिलांचा जन्म १९७२ च्या दुष्काळातला, माण तालुक्यातला. आज्जी तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत खडी फोडायला जात होती. खायला तांबडी मिलो आणि मिळाली तर सुखडी. नंतर हे कुटुंब उसाच्या कामासाठी इकडे आले. वडिलांच्या आजाराचे कारण तेच, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. एका माणसाबद्दल शास्त्र तसे सांगत नाही, ते हजारांबद्दल सांगते. तरीही मी आज्जीला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग मी काय खायला पायजे हुतं?" मला बोलता आले नाही. गर्भावस्थेतील कुपोषणाविषयी लिहिताना पुष्कळ लेखक आईला उपदेश करतात. आज्जीचा प्रश्न त्यांनी ऐकायला हवा होता.

आता ताटाकडे वळू. जन्माने काय दिले ते बदलत नाही, पण ताट बदलते. आज्जीच्या सांगण्यातले जेवण म्हणजे जोंधळ्याची भाकरी, हुलग्याचे माडगे, नाचणीची आंबील, अंबाडीची भाजी आणि खर्डा. पोट भरायचे नाही ही त्यातली उणीव होतीच, उगाच त्याचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. परंतु भाकरी, कडधान्य आणि पालेभाजी यांतील चोथ्यामुळे साखर रक्तात सावकाश उतरते, हा त्यातला गुण. आज आमच्या घरी रेशनचा तांदूळ, गहू आणि चहा. चहाचा हिशोब मी एकदा मांडला. दिवसात सहा कप, कपाला दोन चमचे, चमच्याला पाच ग्रॅम धरले तर साठ ग्रॅम साखर झाली. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेल्या साखरेची मर्यादा उष्मांकांच्या दहा टक्के, म्हणजे साधारण पन्नास ग्रॅम सांगितली आहे. पंचवीसच्या आत राहिल्यास अधिक चांगले. अजून जेवण व्हायचेच आहे, आणि चहाबरोबरची खारी यात धरलेली नाही.

"साखर नको, गुळाचा चहा द्या" हे आपल्याकडे हमखास ऐकू येते. गुऱ्हाळाच्या जिवावर वाढलेल्या मुलीने हे लिहू नये, पण गूळही बहुतांशी साखरच आहे. त्यात थोडे लोह आणि क्षार असतात, मात्र रक्तातली साखर तो वाढवतोच. मधुमेह्याला गूळ चालतो हा समज कोल्हापुरात जितका पक्का, तितकाच घातक आहे.

तांबड्या रश्श्याला मात्र मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणार नाही. आठवड्यातून एकदा ओरपलेला रस्सा आणि रोज संध्याकाळी खाल्लेले फरसाण यांत फरसाणच अधिक दोषी. रोज पाच ग्रॅम, म्हणजे सुमारे एक चमचा मीठ पुरे, असे तज्ज्ञ म्हणतात. लोणचे, पापड, ठेचा आणि फरसाण मिळून ते केव्हाच ओलांडले जाते, आणि रक्तदाब गुपचूप चढतो. तालमीतल्या मल्लांचे उदाहरणही पाहण्यासारखे आहे. पहाटेच्या जोर-बैठकांवर दूध, तूप, बदाम सहज जिरतात. कुस्ती सुटते, खुराक सुटत नाही, आणि एके काळी खासबागेत टाळ्या घेतलेला गडी चाळिशीतच धापा टाकू लागतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ती गोष्ट. पुण्याच्या त्याच अभ्यासात असे दिसले की बाळाची वाढ आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा तिने पालेभाजी, फळे आणि दूध किती वेळा घेतले याच्याशी अधिक जुळत होती. जवळजवळ दोनतृतीयांश स्त्रियांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व दूध, दही, अंडी, मांस यांतून मिळते, वनस्पतींतून नाही. आमच्या भागात घराघरात म्हैस आहे. तिचे दूध पहाटे डेअरीला जाते आणि घरच्या सुनेच्या वाट्याला चहापुरते उरते.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत २००६ पासून एक प्रयोग झाला. स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून रोज पालेभाजी, फळे आणि दूध घातलेला एक खाऊ देण्यात आला. दुसऱ्या गटाच्या खाऊत या वस्तू फारशा नव्हत्या. गरोदरपणातला मधुमेह दुसऱ्या गटात १२.४ टक्के स्त्रियांना झाला, पहिल्या गटात ७.३ टक्क्यांना. बाळाचे वजनही वाढले, पण फार हडकुळ्या स्त्रियांच्या बाबतीत ते वाढले नाही. आणि गर्भ राहण्यापूर्वी किमान तीन महिने खाऊ सुरू केलेल्यांनाच त्याचा लाभ दिसला. याचा अर्थ डोहाळजेवणाच्या दिवशी भरलेले ताट फार उशिरा येते. ते ताट अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीपुढे, लग्नाच्या आधीच हवे.

आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुली पहाटेची एस. टी. धरतात, उपाशी येतात आणि दुपारपर्यंत चहा-खारीवर काढतात. उपवास वेगळेच. घरी आधी पुरुष, मग मुले, मग आई, हा क्रम शिकल्यासवरल्या घरांतूनही मोडलेला नाही. यंदा मी घरी वाद घालून एवढे मिळवले की डेअरीला घालण्याआधी एक तांब्या दूध घरात राहते, आणि रात्री सगळे एकदम जेवायला बसतो. आई पहिले आठ दिवस अवघडून बसायची, घास घेता घेता उठून चुलीकडे जायची. वडिलांनी चहातली साखर अर्ध्या चमच्यावर आणली आहे, पण गुऱ्हाळावर गेले की तिथे काकवी असतेच.