हुमणीचे बारा महिने आणि बांधावरचा लिंब



ऑगस्ट उजाडला की शेतकी खात्याकडे एकच तक्रार सुरू होते. "ऊस पिवळा पडलाय, पाणी दिलं, युरिया टाकला, तरी सुधारंना." असे बेट धरून ओढले की अलगद हातात येते, कारण खाली मुळेच उरलेली नसतात. माती उकरावी तर विळ्यासारखी वाकलेली, पांढरट अंगाची, तांबूस डोक्याची अळी सापडते. हीच हुमणी. मग औषध कोणते टाकू, अशी विचारणा होते. आमच्या मते हा प्रश्न तीन महिने उशिरा विचारला जातो. कसा, ते या किडीचा वर्षाचा क्रम पाहिला की ध्यानात येईल.

आपल्याकडे मुख्यतः आढळणाऱ्या हुमणीचे शास्त्रीय नाव होलोट्रिकिया सेराटा. तिची वर्षाला एकच पिढी होते. एप्रिल-मेमध्ये वळवाचा चांगला पाऊस झाला, जमीन भिजली, की तपकिरी भुंगेरे दिवस मावळताना जमिनीतून बाहेर पडतात. ते उसावर जात नाहीत. थेट गाठतात बांधावरचा कडूलिंब, बाभूळ नाहीतर बोर. तिथेच नर-मादीचे मिलन होते, रात्रभर पाला खाणे चालते आणि उजाडण्यापूर्वी सगळे पुन्हा मातीत. दिवसा झाडाखाली उभे राहिले तर एक भुंगेरा दिसायचा नाही, फक्त कुरतडलेली पाने दिसतील.

मादी मातीत साधारण १० सेंटिमीटर खोलीवर सुटी सुटी ५०-६० अंडी घालते. दहा-पंधरा दिवसांत अळी निघते. सुरुवातीला ती कुजका पालापाचोळा आणि बारीक तंतुमुळे खाते, म्हणून वर काहीच कळत नाही. दोनदा कात टाकून ती मोठी झाली की खरा घात करते, आणि तो काळ ऑगस्ट ते ऑक्टोबर. ऊसच नव्हे, भुईमूग, ज्वारी, माळरानावरचे भात, कशाचीही मुळे तिला चालतात. पुढे ती खोल जाऊन मातीच्या घरात कोष करते. कोषातून भुंगेरा निघाला तरी वर येत नाही, वळवाची वाट पाहत तसाच पडून राहतो.

म्हणजे बारा महिन्यांतले बहुतेक दिवस ही कीड जमिनीखाली, आपल्या हाताबाहेर. उघड्यावर, एका जागी जमलेली ती सापडते वळवानंतरच्या मोजक्या संध्याकाळींना, आणि तीही झाडावर.

यावर काहीजण म्हणतात, लिंब-बाभळीच तोडून टाका. हे आम्हाला पटत नाही. ही झाडे गेली तर भुंगेरे उपाशी मरणार नाहीत, दुसऱ्या झाडांवर पांगतील, आणि मग धरायचे कुठे? ज्याच्या बांधावर लिंब आहे त्याच्याकडे आयता सापळा आहे असे समजावे. ज्या रानाजवळ झाड नाही, तिथे पावसानंतर लिंबाच्या फांद्या तोडून रानात उभ्या कराव्यात.

मूळ अडचण वेगळीच आहे. लिंब एकाच्या बांधावर आणि हुमणी दुसऱ्याच्या खोडव्यात, अशी गत असते. झाडवाल्याला वाटते, माझा ऊस चांगला आहे, मी कशाला रात्रीचा काठी घेऊन फिरू? भुंगेऱ्याला गट नंबर कळत नाही. एकट्याने चार झाडे झोडपली तर शेजारचे भुंगेरे त्याच्याच रानात अंडी घालतात. म्हणून हे काम वस्तीने मिळून, एकाच संध्याकाळी करावे.

औषधावर भिस्त ठेवणारांनी एवढे ध्यानात घ्यावे की जुन्या माणसांच्या तोंडी असलेल्या बी.एच.सी. पावडरीवर १९९७ मध्ये बंदी आली आणि फोरेट २०२० च्या अखेरीस बंद झाले. मेटारायझियम ही बुरशी चांगली, पण ती जून-जुलैमध्ये, अळी लहान असताना, कुजलेल्या शेणखतात मिसळून ओलीवर द्यावी. (उकिरड्यात सापडणारी जाडजूड अळी पुष्कळदा नारळावरच्या गेंडा भुंग्याची असते. ती पाहून घाबरू नये.) ज्या खोडव्यात बेटे वाळली, तिथे पुन्हा खोडवा न ठेवता खोल नांगरट करावी. नांगरामागे बगळे, कावळे, साळुंक्या आपले काम करतात.

झाडे हलवायची ती अंधार पडल्यावर, साडेसात ते नऊच्या सुमारास. खाली जुने पोते किंवा ताडपत्री अंथरावी, लांब बांबूला आकडी बांधून फांदी जोराने हलवावी आणि पडलेले भुंगेरे लगेच रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकावेत. रॉकेल नसेल तर साबणाचे दाट पाणी घ्यावे. एक रात्र करून थांबू नये. पहिल्या पावसाने सगळे बाहेर येत नाहीत, पुढचा वळीव झाला की पुन्हा निघावे.